हाडातला पूल आणि आईंचा पलंग

माझ्या दवाखान्यातील टेबलाच्या खालच्या खणात एक जुना एक्स-रे आहे. पाकीट आता पिवळे पडले आहे. त्यावर माझ्या सासूबाईंचे नाव आणि ऑगस्ट २०११ मधली तारीख आहे. फिल्म उजेडासमोर धरली की पाठीचा कणा बाजूने दिसतो. मणके एकावर एक रचलेले आहेत. पण कमरेचा सर्वांत वरचा मणका पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखा झाला आहे. हाडांची सावली इतकी फिकी, की मणका कोठे संपतो हे केवळ कडेच्या बारीक रेघेवरून ओळखावे लागते. आणि या फिक्या कण्याच्या पुढे, पोटातून खाली उतरणाऱ्या महाधमनीच्या भिंतीत, खडूने ओढल्यासारख्या दोन तुटक पांढऱ्या रेघा आहेत. हाडातून कॅल्शियम उणावले होते आणि रक्तवाहिनीत ते साचले होते. एकाच बाईच्या एकाच चित्रात दोन्ही गोष्टी.

त्या दिवशी मला फक्त मोडलेला मणका दिसला. रेघांकडे लक्ष गेले ते कितीतरी नंतर, आणि ज्या पदार्थामुळे गेले त्याचे नाव तोवर मी कधी गांभीर्याने वाचलेही नव्हते. ऑस्टिओपाँटिन असे त्याचे नाव. ते एक प्रथिन आहे. प्रथिन म्हटले की आजकाल पावडरीचा डबा डोळ्यांसमोर येतो, म्हणून आधीच सांगते: हे प्रथिन खाऊन मिळवायचे नसते, ते शरीर स्वतः घडवते. त्याच्याविषयी लिहायचे तर मला माझ्या एका चुकीपासूनच सुरुवात करावी लागेल.

सासूबाई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. आम्ही त्यांना आईच म्हणायचो. गव्हाचा डबा सरकवायला वाकल्या आणि पाठीत काहीतरी कटकन मोडल्यासारखे झाले. पंधरा दिवस मीच मलम आणि वेदनाशामक गोळ्या देत राहिले. घरचा डॉक्टर घरच्यांना नीट तपासत नाही, हे आमच्या व्यवसायातले उघड गुपित आहे. खरे म्हणजे खुणा कितीतरी आधीपासून दिसत होत्या. दोन-तीन वर्षे आई म्हणत होत्या, "अगं, हल्ली लुगडं खाली लोळतंय. लांब विणतात की काय आता?" वरच्या फडताळातला मेतकुटाचा डबा त्यांच्या हाताला लागेनासा झाला होता, तेव्हा मी हसून म्हटले होते, "अहो आई, डबे उंचावर ठेवता तुम्हीच." लुगडे लांब झाले नव्हते, आई बुटक्या झाल्या होत्या. मणके एकेक करून चुपचाप दबत असले पाहिजेत. मणक्यांचे असे अस्थिभंग बहुसंख्य वेळा कोणाच्या लक्षातच येत नाहीत. पाठ दुखते, वय झाले म्हणून सोडून दिले जाते. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटरहून अधिक उंची घटली असेल तर पाठीचा एक्स-रे काढून पाहावा, हे मला पाठ होते. माझ्या स्वयंपाकघरात मात्र ते आठवले नाही.

अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे पाहिला आणि सरळ सांगितले: चार-पाच दिवस विश्रांती, मग पट्टा बांधून बसवा, थोडे थोडे चालवा आणि हाडांच्या ठिसूळपणावरचे औषध लगेच सुरू करा. मी ऐकून घेतले आणि घरी येऊन दोन्ही गोष्टी बदलल्या. औषधाने आईंचे पोट बिघडेल म्हणून ते पुढे ढकलले. विश्रांती मात्र वाढवत नेली. चार दिवसांचे दहा आठवडे झाले. मी डॉक्टर आणि त्यातून सून. आईंना उठताना कळ आली तर ती मलाच पाहवत नसे. जेवण पलंगावर, अंघोळीऐवजी अंग पुसणे पलंगावर, भांडेही पलंगावरच. येणारे-जाणारे म्हणत, सून असावी तर अशी. मला ते आवडत होते, हेही कबूल करायला हवे.

दिवाळीच्या तोंडावर आईंना उठवले तेव्हा त्यांचे पाय थरथरत होते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी त्या पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, नीट झाली. पुढे सात वर्षे त्या वॉकर घेऊन घरभर फिरल्या. पण अंगणाच्या पायऱ्या पुन्हा कधी एकट्याने उतरल्या नाहीत. त्या पडण्याचे सगळे खापर पलंगावर फोडता येणार नाही. उंबरा होता, फरशी ओली होती, हाडे मुळातच पोकळ झालेली होती. तरीही त्या दहा आठवड्यांचा हिशोब माझ्या मनात मिटला नव्हता.

पुढे वर्षभराने आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांच्या मासिक बैठकीत हाडांवर एक व्याख्यान झाले. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, जेवणाचा वास येत होता, मागच्या रांगेत दोघेजण पेंगत होते. वक्त्यांनी पडद्यावर एका उंदराचे चित्र दाखवले. उंदीर शेपटीने वर अडकवलेला, पुढचे पाय जमिनीवर, मागचे पाय अधांतरी. मागच्या पायांवर भार पडू द्यायचा नाही, एवढाच त्या मांडणीचा हेतू. अंतराळवीरांच्या हाडांचे काय होते हे जमिनीवर अभ्यासण्याची ही रीत आहे. काही आठवड्यांतच अशा उंदरांच्या मागच्या पायांतले हाड विरळ होते. जपानमधील संशोधकांनी २००१ साली हाच प्रयोग दोन प्रकारच्या उंदरांवर केल्याचे प्रसिद्ध केले: एक नेहमीचे, आणि दुसरे ज्यांच्या शरीरात ऑस्टिओपाँटिन तयारच होत नाही असे. नेहमीच्या उंदरांची हाडे अपेक्षेप्रमाणे झिजली. ऑस्टिओपाँटिन नसलेल्यांची झिजली नाहीत. म्हणजे भार गेल्यावर हाड आपोआप गंजत नाही. 'आता याची गरज उरली नाही, मोडून टाका' असा निरोप जातो, तो पोचवणारे निरोपे असतात, आणि त्यांतला एक हे प्रथिन आहे.

मला उंदीर दिसेनासा झाला. मला आमचा माजघरातला पलंग दिसत होता आणि त्यावर दोन्ही पाय भारापासून सोडवलेल्या आई.

घरी आल्यावर मी या प्रथिनाचा माग काढू लागले. त्याच्या नावातच पूल आहे. ग्रीक भाषेत 'ऑस्टिऑन' म्हणजे हाड आणि लॅटिनमध्ये 'पाँस' म्हणजे पूल. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८६ मध्ये उंदराच्या हाडातील या प्रथिनाची रचना उलगडली आणि हे नाव दिले. ते चपखल आहे, कारण या प्रथिनाचा एक भाग हाडातल्या कॅल्शियमच्या स्फटिकांना चिकटतो आणि दुसरा भाग जिवंत पेशींना धरतो. पेशीला धरणारी जागा अवघ्या तीन अमिनो आम्लांची आहे: आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल. अलीकडच्या काठावर निर्जीव खनिज, पलीकडे सजीव पेशी आणि मध्ये हा पूल.

मात्र या पुलावरून कोण येते, हा खरा प्रश्न. आपले हाड दगडासारखे दिसते, पण त्याची डागडुजी अखंड चालू असते. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी नवा होतो. जुने हाड खरवडून काढणाऱ्या पेशी वेगळ्या आणि नवे घडवणाऱ्या वेगळ्या. खरवडणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. ही पेशी हाडावर पालथ्या वाटीसारखी बसते, कडा घट्ट चिकटवते आणि आतल्या बंदिस्त जागेत आम्ल सोडून हाड विरघळवते. कड घट्ट बसली नाही तर आम्ल वाया जाईल. ती बसायला ज्या गोष्टी मदत करतात त्यांत ऑस्टिओपाँटिन आहे. निरोगी वयात ही तोड आणि ती जोड एकमेकींच्या पावलावर पाऊल टाकून चालतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटते आणि तोड पुढे निघून जाते; माणूस अंथरुणाला खिळला की तोड आणखी धावते आणि जोड मंदावते. अंतराळवीर तर धडधाकट, निवडून घेतलेली माणसे. त्यांच्याही खुब्याच्या हाडातून अंतराळात महिन्याला एक ते दीड टक्का खनिज कमी होते. स्नायूंचे तर विचारूच नका. निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवल्यावर त्यांच्या पायांतले जवळपास एक किलो मांस घटल्याचे २००७ च्या एका छोट्या अभ्यासात दिसले होते. आईंना मी दहा आठवडे ठेवले होते.

येथवर वाचून कोणालाही वाटेल की हे प्रथिन घातकी आहे, त्याला रोखणारे औषध काढले की काम झाले. मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण एक्स-रेतल्या त्या दोन पांढऱ्या रेघा येथेच आडव्या येतात.

धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचते ते नळात क्षार बसावेत तसे निमूट साचत नाही. तेथील स्नायुपेशी हळूहळू हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. अशा ठिकाणीही ऑस्टिओपाँटिन सापडते, आणि तेथे त्याचे काम उलटे आहे. ते स्फटिकांच्या पृष्ठभागाला चिकटून त्यांची वाढ अडवते आणि साठलेले विरघळवण्याच्या कामालाही हातभार लावते. ज्या उंदरांच्या धमन्यांत एका जनुकीय दोषामुळे मुळातच कॅल्शियम साचते, त्यांच्यातून ऑस्टिओपाँटिनही काढून टाकले तेव्हा साठा आणखी वाढला आणि ते अधिक लवकर मेले. म्हणजे हाडात जो तोडणाऱ्याला वाट देतो, तोच धमनीत पहारा देतो.

मूत्रपिंडातही तसेच. १९९२ मध्ये माणसाच्या लघवीतून एक प्रथिन वेगळे काढण्यात आले, ते कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक वाढू देत नव्हते. तपासल्यावर ते हेच निघाले. बहुतेक मुतखडे याच ऑक्झलेटचे असतात. गंमत अशी, की तयार झालेल्या खड्याच्या आतही हे प्रथिन सापडते. पहारेकरी भिंतीत चिणला जावा तसे. मुतखड्याचा विषय निघालाच आहे तर एक आडवळण घेते. माझे सासरे खड्याच्या भीतीने वीस वर्षे दूध-ताक सोडून बसले होते, आणि त्यांच्यासारखे अनेकजण माझ्याकडे येतात. आहारातले नेहमीचे कॅल्शियम तोडल्याने खडे कमी होत नाहीत, उलट वाढू शकतात. कारण जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते आणि ते लघवीपर्यंत पोचू देत नाही. भरपूर पाणी प्यावे, मीठ कमी करावे आणि ताकाची वाटी बाजूला सारू नये. ज्यांचे मूत्रपिंड अधू आहे किंवा हृदयविकारामुळे पाण्यावर मर्यादा आहे, त्यांनी अर्थातच आपल्या डॉक्टरांना विचारून.

या प्रथिनाला वेगवेगळ्या शोधकांनी वेगवेगळी नावे दिली होती, यात नवल नाही. १९७९ मध्येच ते कर्करोगसदृश पेशींच्या स्रावात आढळले होते. रोगप्रतिकारशास्त्राच्या अभ्यासकांना ते लढाईला निघालेल्या पांढऱ्या पेशींत सापडले, त्यांनी आणखी एक नाव ठेवले. माहेरी एक नाव, सासरी दुसरे, आणि बाई एकच. क्षयरोगात, हृदय निकामी होताना, यकृतात व्रण साचताना, काही कर्करोगांत रक्तातील त्याचे प्रमाण वाढते. आईच्या दुधात ते गाईच्या दुधापेक्षा कितीतरी अधिक असते. आजारांची ही यादी मी मुद्दामच लांबवत नाही. जे इतक्या ठिकाणी वाढते, त्याचा एक आकडा हातात घेऊन रुग्णाला काय झाले आहे हे ओळखता येत नाही. त्यामुळे कोणी ही तपासणी सुचवली तर ती करून मी काय वेगळे ठरवणार आहे, हा प्रश्न अवश्य विचारा. रोजच्या उपचारांत आज तिची गरज नाही, आणि या प्रथिनाला रोखणारे औषधही दवाखान्यात उपलब्ध नाही. हाडातला पूल तोडताना धमनीतला आणि मूत्रपिंडातला पहाराही उठेल, ही अडचण लक्षात घेतली तर संशोधकांची सावधगिरी कळते.

हाड तोडणाऱ्या पेशींना आवरणारी दुसरी औषधे मात्र आहेत, आणि तीच मी आईंना वेळेवर दिली नव्हती. आठवड्याला एकदा घ्यायची ती गोळी आपण ऐकली असेल: सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा तास आडवे न होता. ज्यांना ती चालत नाही त्यांच्यासाठी इंजेक्शने आहेत. साध्या वाकण्याने मणका मोडला, म्हणजे हाडे ठिसूळ आहेत हे सिद्धच झाले; त्यासाठी वेगळ्या पुराव्याची वाट पाहू नये. पाळी गेलेल्या ज्या स्त्रियांचा नुकताच एक मणका मोडला आहे, त्यांच्यापैकी जवळजवळ पाचांतील एकीचा वर्षभरात आणखी एक मणका मोडतो. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आवश्यक असते तेथे द्यावेच. पण नुसती कॅल्शियमची गोळी देऊन आपण औषध दिले असे समजणे, ही चूक मीही केली आहे. विटा दारात आणून टाकल्या म्हणजे भिंत बांधली जात नाही. गवंडी कामावर आहे का, हे पाहावे लागते. आणि हाडाच्या गवंड्याला कामावर बोलावणारी हाक म्हणजे पायांवर पडणारा भार.

हे सगळे वाचून झाल्यावर एका दुपारी मी आईंना सांगितले. उंदराचे, पुलाचे, पलंगाचे. "आई, मी तुम्हाला फार दिवस झोपवून ठेवलं. चुकलंच माझं." त्या गवार मोडत होत्या. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, तुझं एकटीचं कुठं चुकलं? मलाही बरं वाटलं होतं की झोपून. इतक्या वर्षांत कुणी झोपू दिलं होतं मला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते, अजूनही नाही. पन्नास वर्षे पहाटे उठलेल्या बाईला पहिल्यांदा कोणीतरी चहा हातात आणून देत होते, आणि वैद्यकशास्त्र सांगत होते की हिला उठवा. रुग्णाला उठवा असे मी आता घरोघरी सांगते, तेव्हा त्यामागे काय काय हिरावून घेतले जाते याची मला जाणीव असते. म्हणून चहा पलंगाशेजारी आणू नका असे मी सांगत नाही. चहा खिडकीपाशी ठेवा आणि आजींना तेथवर न्या, असे सांगते.

बाकी सांगते ते साधे आहे. दुखणे आवरल्याशिवाय माणूस हलणार नाही, म्हणून वेदनाशामक पुरेसे आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळी द्या. उगीच सहन करायला लावू नका. उठवताना आधी कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडा, मग हाताचा आधार देऊन बसवा. ओढून सरळ उठवू नका. बसल्यावर मिनिटभर थांबा, चक्कर येते का पाहा. पुढे वाकून काही उचलू देऊ नका. मणका मोडलेल्यांना कधी व किती चालवायचे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून दिवसांच्या आकड्यात विचारून घ्या, आणि तो आकडा मायेपोटी वाढवू नका. पायांत बधिरपणा किंवा दुबळेपणा येऊ लागला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, पाठदुखीसोबत ताप असला किंवा पूर्वी कर्करोग झालेला असला, तर मात्र चालवण्याचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि उंबरे. शक्य असेल तेथे न्हाणीघराचा उंबरा काढूनच टाका.

गेल्या महिन्यात शेजारच्या वाडीतून एक सून आली होती. तिच्या सासूबाईंचा मणका मोडून बारा दिवस झाले होते. तज्ज्ञांनी चालवायला सांगितले होते आणि हिला धीर होत नव्हता. मी खणातला एक्स-रे काढला, खिडकीच्या काचेवर धरला. मोडलेला मणका दाखवला, मग त्या दोन पांढऱ्या रेघा. ती म्हणाली, "कोण आहेत या?" मी सांगितले. दहा आठवड्यांचेही सांगितले.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. औषधाची वेळ साधून, पट्टा बांधून आम्ही आजींना बसवले, मग उभे केले. पलंगापासून दारापर्यंत नऊ पावले होती. आजी माझ्या दंडाला धरून, दर पावलाला देवाचे नाव घेत चालल्या. मागून सून प्लॅस्टिकची खुर्ची हातात धरून एकेक पाऊल टाकत येत होती. दाराशी पोचल्यावर आजी खुर्चीत टेकल्या, बाहेर पाहिले आणि म्हणाल्या, "वासरू केवढं वाढलं ग."